पंचाहत्तर शब्दांचे लॉर्ड पेनलो

लॉर्ड पेनलोंनी सुरीला धार लावली, मटणाच्या मांडीचा पहिला काप बहिणीच्या ताटात ठेवला, आणि दुसरा काप कापता कापता, ‘मोहरी इकडे द्या’ म्हणावं तितक्याच सहज म्हणाले, "मी काही अर्ज भरणार नाही."

रविवारचं जेवण. टेबलावर पाच माणसं. पाचही काटे जागीच थांबले, त्यातला एक लॉर्डांचा स्वतःचाच, कारण मांडी धरायला तो लागतो.

"कसला अर्ज?" त्यांची बहीण विनिफ्रेड म्हणाली. कसला ते तिला पक्कं ठाऊक होतं. गेले सहा महिने तिच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता.

"तोच गं. लॉर्डांच्या सभागृहाचा. वारशानं आलेल्या सगळ्यांना आता घरी पाठवतायत, ब्याण्णव जण ठेवणार. ज्याला राहायचंय त्यानं पंचाहत्तर शब्दांत सांगायचं, मला का ठेवा म्हणून. मग बाकीच्या लॉर्डांनी मतं द्यायची. मला नाही राहायचं. एकाहत्तर वर्षांचा झालो. आता घरी बसेन, गाइल्सला हातभार लावेन." त्यांनी मुलाकडे प्रेमानं पाहिलं. "सातही दिवस."

गाइल्सच्या तोंडातला बटाटा तोंडातच राहिला.

गाइल्स चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि आठवड्यातले तीन दिवस शेतकरी होता. मंगळवारी सकाळी सातची गाडी वडिलांना लंडनला घेऊन जाई, तिथपासून ते गुरुवारी रात्री परत येईपर्यंत पेनलोची अकराशे एकर जमीन, पांढऱ्या तोंडाच्या तांबड्या गाई, मेंढ्या आणि सफरचंदाच्या बागा त्याच्या असत. त्या तीन दिवसांत तो गुरं हलवी, माणसांना कामं नेमून देई, कधीकधी तर चक्क एखादा निर्णय घेई. शुक्रवारी सकाळी वडील बूट चढवून बाहेर पडत, आणि दुपारपर्यंत गुरं पुन्हा जुन्या कुरणात असत.

सगळ्यात वाईट ते वळूच्या कुरणाचं फाटक. गाइल्सच्या मते ते डावीकडच्या खांबावर टांगायला हवं, कारण ट्रॅक्टर उताराकडून येतो आणि मागची ट्रॉली खांबाला घासते. वडिलांच्या मते उजवीकडे, कारण ते तसंच आहे. गाइल्स शेतकी कॉलेजातून परत आला त्या वर्षी, म्हणजे सत्याहत्तर साली, त्यानं पहिल्यांदा ते काढून डावीकडे टांगलं. शनिवारी ते उजवीकडे होतं. बावीस वर्षं हेच चाललं होतं. दोन्ही खांबांना बिजागऱ्यांचे खुंट होते. बाहेरून आलेल्या माणसाला वाटे की मालकाला फाटक उघडण्याची फार हौस असावी. या विषयावर बापलेक एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. बोलायचं कशाला? पाना होता ना दोघांकडे.

"अभिनंदन, बाबा!" हॅरिएट खुर्चीतून उठलीच. गाइल्सची ही धाकटी बहीण ब्रिस्टलला कॉलेजात शिकवते आणि जन्मानं मिळालेल्या अधिकारांविरुद्ध सोळाव्या वर्षापासून भांडते. एकदा ती सभागृहाबाहेर फलक घेऊन उभी होती, तेव्हा टॅक्सीतून जाणाऱ्या वडिलांनी खाली उतरून तिला आपला मफलर दिला होता, गारठा फार आहे म्हणून. तो अपमान ती अजून विसरली नव्हती. "मी म्हणते, उशिरा का होईना, या घरात कुणाला तरी लोकशाही कळली!"

"तू गप्प बस," विनिफ्रेड आत्या म्हणाली. "ऑब्री, गाढवा, दोनशे वर्षं आपण त्या सभागृहात आहोत. आपल्या आजोबांना तिथे झटका आला, तेही बाकावर. बाकावर! आणि तू पंचाहत्तर शब्दांना घाबरून पळतोस?"

"घाबरत नाही, विनी. कंटाळलोय."

"ज्याच्या हाती दिलं त्याला कंटाळा, आणि मी—" तिनं मटणाकडे असं पाहिलं की मटणानंच माफी मागावी. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, ऑब्रीहून सात वर्षांनी मोठी. पण ती मुलगी, म्हणून किताब गेला धाकट्याकडे. घरात हे कुणी काढत नसे. ऑब्रीनं सभागृहात केलेली अकराही भाषणं तिनंच लिहिली होती, हेही कुणी काढत नसे.

लेडी पेनलो, म्हणजे ऑब्रींची बायको डॅफ्नी, जागेवरून उठली. तिनं नॅपकिनची घडी केली आणि म्हणाली, "पुडिंग बघते. गाइल्स, हॅरिएट, चला जरा. कस्टर्ड जड आहे."

कस्टर्ड जड असतं हे त्या घरात पहिल्यांदाच कळलं. दोघं मुकाट्यानं निघाली.

स्वयंपाकघराचं दार लागलं तशी डॅफ्नीनं ओट्याला पाठ टेकली. तिथे घरच्या तीन कुत्र्यांनी तिच्या पायांशी गर्दी केली.

"गाइल्स, ऑब्रीला लंडनला पाठव."

"मी?"

"मग कुणी? तुझं शेत आहे." तिनं कस्टर्डचं पातेलं पुढे ओढलं. "मंगळ, बुध, गुरु. आणि माझंही काही आहे. त्या तीन संध्याकाळी मी स्वयंपाक करत नाही. एक अंडं उकडते, ट्रेमध्ये घेऊन वर जाते. कुत्री पलंगावर झोपतात. रेडिओ हवा तेवढा मोठा लावते. शेहेचाळीस वर्षं संसार झाला आमचा, आणि लोक विचारतात, कसा टिकला? लोकांना रेल्वेचं वेळापत्रक दाखवायला हवं."

"आई!" हॅरिएट म्हणाली. "हे भयंकर आहे. देशाची संसद म्हणजे काय तुमच्या सोयीसाठी—"

"बरोबर आहे तुझं, बाळ. तत्त्व म्हणजे तत्त्व." डॅफ्नीनं कस्टर्ड ढवळलं. "मी विचार केलाय. ऑब्री घरी राहिला तर मंगळवार ते गुरुवार मी तुझ्याकडे ब्रिस्टलला येत जाईन. तुझी ती मागची खोली छान आहे. कुत्र्यांना जिने आवडतात."

"तिन्ही कुत्र्यांना?"

"त्यांची ताटातूट कशी करू?"

हॅरिएट त्या तिघांकडे बघत राहिली. सगळ्यात मोठ्यानं तिच्या पांढऱ्या पँटला अंग घासलं. गाइल्सला बहिणीच्या चेहऱ्यावर तेवीस वर्षांची तत्त्वं एकेक करून कोट घालून बाहेर पडताना दिसली.

"तसं बघितलं तर," ती हळूच म्हणाली, "सुधारणा टप्प्याटप्प्यानं झालेलीच टिकते. ब्याण्णव ठेवतायत ते काही उगाच नाही. आणि बाबा काही वाईट नाहीत. निरुपद्रवी आहेत." मग एकदम कंबर कसून, "गाइल्स, कागद आण. आपण लिहूया."

"तू लिहिणार?"

"आत्या लिहायला बसली तर नाताळ उजाडेल. उद्या संध्याकाळपर्यंत अर्ज पोचायला हवा. कागद आण म्हणते ना!"

पुडिंग घेऊन तिघं परतली तर आत्यानं आधीच मोर्चा बांधला होता. चष्मा नाकावर, समोर कागदांची चळत. ऑब्री मात्र बाजूच्या कपाटापाशी उभे राहून गुरांच्या बाजाराचं यादीपत्रक चाळत होते. पुढच्या आठवड्यात पेनलोचा म्हातारा वळू बार्थोलोम्यू विकायला जायचा होता. यादीपत्रकात प्रत्येक जनावराखाली मालकानं चार ओळी लिहायच्या असतात, आणि ऑब्रींच्या त्या चार ओळी साऱ्या परगण्यात नावाजलेल्या. ते खोटं लिहीत नसत. एका गाईखाली त्यांनी ‘दूध भरपूर, पण देताना उपकार केल्यासारखं देते’ असं छापलं होतं, आणि ती गाय त्या दिवशीच्या सर्वांत चढ्या बोलीला गेली. घेणारे तर आधी शेवटचीच ओळ वाचत, विकण्याचं कारण. तिथेच सगळी गोम असते.

"बार्थोलोम्यूचं बरं छापलंय," ऑब्री म्हणाले.

"वळूवर तुझे शब्द खर्च होतात, आणि सभागृहापुढे तुझी वाचा बसते," आत्या म्हणाली. "हे ऐक, मी लिहिलंय. ‘सतराशे शहाण्णव साली, जेव्हा युरोपवर संकटाचे मेघ दाटले होते...’"

"किती शब्द आहेत, आत्या?" हॅरिएटनं विचारलं.

"चारशे बारा. त्यातून एकही काढता यायचा नाही."

"एकोणीसशे नव्याण्णवपर्यंत येतेस का तू त्यात?"

"एकोणीसशे चौदापर्यंत येते. तू का विचारतेस? तू तर शत्रुपक्ष!"

"मी तुझ्या बाजूनं आहे."

आत्यानं चष्मा काढला. "कधीपासून?"

"पुडिंगपासून."

आत्यानं भाचीकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं, आणि तिच्या जाणत्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. आजवर या दोघींचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे आत्याचा स्वभाव. पण घोडामैदान जवळ आल्यावर माणूस घोड्याचा रंग बघत नाही. तिनं शेजारची खुर्ची ओढली. "बस. पण ‘लोकशाही’ हा शब्द आला तर मी सही करू देणार नाही."

मग जे सुरू झालं ते गाइल्सला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं. हॅरिएटनं लिहिलं ‘शाश्वत शेतीचा खंदा पुरस्कर्ता’, आत्यानं ते खोडून ‘जमीनदार’ केलं. डॅफ्नी म्हणाली, "प्रवासाला अतिशय उत्सुक, असं घाला." गाइल्सनं सुचवलं, "आठवड्याचे पाचही दिवस लंडनमध्ये राहायची तयारी," आणि सगळ्यांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं, कारण पाच दिवसांचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मेंढ्यांच्या खरजेवर चार भाषणं," आत्या बोटांवर मोजत म्हणाली. "कुंपणांवर चार. दुधावर तीन. पण हजेरी? हा अडुसष्ट साली गादीवर बसला, आणि पहिल्या नऊ वर्षांत दोनदा गेला. दोनदा! त्यातलं एकदा छत्री विसरला ती आणायला. मग सत्याहत्तर साली एकाएकी देशसेवेची उबळ आली आणि मंगळवार चुकेना. का, ते देवाला ठाऊक. आपण फक्त सत्याहत्तरपासूनचं सांगू."

"एक विचारू?" ऑब्री म्हणाले.

ते अजून कपाटापाशीच उभे होते. पुडिंगला हात लावला नव्हता.

"मी तिकडे जावं असं तुम्हाला एवढं का वाटतंय?"

"देशासाठी," डॅफ्नी म्हणाली.

"टप्प्याटप्प्यानं," हॅरिएट म्हणाली.

"घराण्याचा आवाज," आत्या म्हणाली. फक्त तिचंच खरं होतं, म्हणून तिचाच आवाज जरा कापला.

"आणि तू रे, गाइल्स?"

गाइल्सनं तोंड उघडलं तेव्हा त्याच्या जिभेवर ‘शेतकऱ्यांची बाजू मांडायला’ हे शब्द तयार होते. चांगले शब्द होते. पण वडील यादीपत्रक छातीशी धरून उभे होते, वाट बघत होते, आणि त्याला खोटं बोलवेना.

"मला मंगळवार हवेत, बाबा," तो म्हणाला. "मंगळ, बुध आणि गुरु. तुम्ही घरी राहिलात तर माझ्याकडे काहीच उरणार नाही."

हॅरिएटनं डोळे मिटले. डॅफ्नीनं कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला.

ऑब्रींनी दोनदा मान हलवली. टेबलाजवळ आले, आत्यासमोरचा एक कोरा कागद उचलला, तिच्या हातातलं पेन काढून घेतलं, आणि बाहेर गेले. मागच्या दाराचा आवाज आला. मग अंगणातल्या बुटांचा.

"बोललास तर बोललास, पण नेमकं खरंच बोलायचं होतं?" आत्या म्हणाली.

गाइल्सनं पुडिंगची बशी बाजूला सरकवली. त्याला वडिलांचा राग येत असे, शुक्रवारी तर फारच. पण ते एवढे हळू चालत गेलेले त्यानं कधी पाहिले नव्हते. आपण बापाला बापाच्याच घरातून हाकललं, हे त्याला स्पष्ट कळत होतं, आणि त्याची लाज वाटत होती. कस्टर्डवर साय धरली. दोनदा तो उठला आणि दोनदा डॅफ्नीनं त्याला बाहीला धरून बसवलं. "वळूपाशी गेलाय," ती म्हणाली. "तिथे तो विचार करतो. मला लग्नाचं विचारलं तेही आधी वळूला."

पाऊण तासानं ऑब्री परत आले. कोपराला गवत लागलं होतं. कागद त्यांनी बहिणीपुढे ठेवला. "मोज," म्हणाले. "जमलं असेल तर पाठवून दे."

आत्यानं आधी ओठ हलवत शब्द मोजले. हिशेबात चूक झाली असावी असं वाटून पुन्हा मोजले. "पंचाहत्तर," ती म्हणाली. "नेमके." मग मोठ्यानं वाचू लागली.

"‘लॉर्ड पेनलो. वय एकाहत्तर. दात स्वतःचे. पाय धड, डावा गुडघा थंडीत धरतो. स्वभाव शांत, दावणीला निमूट उभा राहतो, शेजारच्याला ढुसण्या देत नाही. बावीस वर्षं मंगळवार ते गुरुवार न चुकता हजर. भाषणं अकरा, सगळी आखूड, सगळी बहिणीनं लिहिलेली.’"

ती थांबली. मानेपासून कपाळापर्यंत लाल झाली. "ऑब्री, हे छापतील ते."

"म्हणून तर लिहिलं."

आत्यानं पाण्याचा घोट घेतला. पुढचं वाचताना तिचा आवाज एकदम खणखणीत लागला, थेट सभागृहात उभं राहून वाचावं तसा.

"‘विषय: मेंढ्या, कुंपणं, दूध. इतर विषय कळत नाहीत, म्हणून बोललेला नाही. मत स्वतःचं, मात्र जेवणाची घंटा झाली की थांबत नाही. चारा कमी लागतो. रात्री घोरतो, पण बाकावर नाही.’"

डॅफ्नीला हसू आवरेना. हॅरिएट तर टेबलावर डोकं ठेवून हसत होती. "बाबा, मी तुम्हाला मत दिलं असतं," ती म्हणाली, "आणि मी तर तुम्हाला बंदच करायला निघाले होते!"

"अजून आहे," आत्या म्हणाली. तिनं चष्मा वर सरकवला. शेवटची ओळ तिनं हळू वाचली. "‘विकण्याचं कारण: खोड काही नाही. मुलगा कळपाला तयार झाला आहे.’"

हसणं थांबलं. गाइल्सनं वर पाहिलं तर वडिलांची खुर्ची रिकामी. मागचं दार पुन्हा वाजलं.

तो धावतच गेला. ऑब्री वळूच्या कुरणाशी फाटकाला टेकून उभे होते. पलीकडे बार्थोलोम्यू निवांत रवंथ करत होता. रविवार असल्यामुळे फाटक उजवीकडे होतं.

"बाबा, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं. बरं झालं म्हणालास." ते फाटकाच्या वरच्या दांडीवरून अंगठा फिरवत होते. "माझ्या वडिलांनी मला चाळीस वर्षांचा होईपर्यंत इथल्या एका गाईला हात लावू दिला नाही. ते गेले त्या दिवशी मला शेतातलं काही येत नव्हतं. मग तू कॉलेजातून आलास. दुसऱ्याच दिवशी हे फाटक उपटलंस. मला वाटलं, पोरगं बरं आहे. याला आपलं आपण करू द्यावं."

"मग शनिवारी परत का टांगलंत?"

"राहवलं नाही रे!" म्हातारा कळवळून म्हणाला. "मी खूप प्रयत्न केला. समोर असलो की हात शिवशिवतात. गप्प बसायला मला दीडशे मैल लांब जावं लागतं. म्हणून लंडन. तिथे मला काय करायचं होतं? बाक टणक, चहा पाणचट. सभा भरते अडीचला, मी सातच्या गाडीनं जायचो. अकरापासून नदीकाठी बसून बदकं मोजायचो."

गाइल्सला बावीस वर्षांचे मंगळवार एकदम आठवले. गाडी सुटली की तो स्टेशनावरून शीळ घालत परत येई.

"या खेपेला वाटलं, आता जमेल," ऑब्री म्हणाले. "घरी राहून गप्प बसायला. पण मघाशी कागद घेऊन इथे आलो, आणि घट्ट आहे ना बघायला पाना काढला खिशातून. तेव्हाच कळलं, नाही जमणार. निवडून आलो तर तिकडे जाईन. नाही आलो तर विनीला घेऊन कुठेतरी समुद्रकाठी खोली बघेन. मंगळवार ते गुरुवार."

"आणि बाकीचे चार दिवस?"

त्यांनी खिशातून पाना काढला आणि मुलापुढे धरला. मग वाकून फाटकाचं मोकळं टोक दोन्ही हातांनी धरलं.

"आज रविवार आहे, बाबा."

"माहितेय मला. चल, लवकर, गुडघा धरतोय."

गाइल्सनं पेच सैल केले. दोघांनी मिळून ते जड फाटक खुंटांवरून उचललं, दोघांनी मिळून ते उचलण्याची ही पहिलीच वेळ, आणि धापा टाकत डाव्या खांबाशी नेलं. बापानं खालून रेटून धरलं, मुलानं वरून बसवलं आणि पेच आवळले. गाइल्सचे डोळे भरून आले होते, म्हणून त्यानं जरा जास्तच वेळ आवळले. फाटक झोकात उघडलं, आणि उतारावरचा रस्ता सगळा मोकळा दिसला.

ऑब्री दोन पावलं मागे सरकून बघत राहिले. डोकं एका बाजूला कललं. ओठ हलले.

"बाबा."

"मी काही बोललो नाही," लॉर्ड पेनलो म्हणाले, आणि दोन्ही हात खिशात घट्ट कोंबून ते घराकडे चालू लागले.